पहिल्यांदा अंदमान: विमानाआधी बोट ठरवा

दिवाळी आटोपली की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "अंदमानला जायचं म्हणतोय. कोणती टूर चांगली?" माझं उत्तर ठरलेलं असतं: टूर राहू दे, आधी कागद-पेन घे. पोर्ट ब्लेअर आणि सोबत एखादंच बेट, पाच रात्री, एवढी सहल घरबसल्या नीट आखता येते. फक्त एक सवय सोडावी लागते. आपण विमानाचं स्वस्त तिकीट दिसलं की आधी ते काढतो आणि बाकीचं मग बघू म्हणतो. अंदमानात हे अंगाशी येतं, कारण तिथे विमानापेक्षा बोटीचं वेळापत्रक मोठं आणि बोटीपेक्षा समुद्र मोठा.

हे मी पदरचे पैसे घालवून शिकलो. पहिल्या खेपेला हॅवलॉक बेटावरून सकाळी बोटीने निघायचं आणि त्याच दुपारी पोर्ट ब्लेअरहून विमान पकडायचं, असा बेत केला होता. कागदावर मध्ये साडेतीन तास मोकळे दिसत होते. आदल्या रात्री मोबाईलवर संदेश आला: समुद्र खवळलेला असल्याने सकाळची फेरी रद्द. बोटीचे पैसे परत मिळाले. विमानाचे गेले. चार जणांची नवीन तिकिटं काढताना बायको एक शब्दही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

आधी नावांचा घोळ मिटवा

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजय पुरम केलं. त्याआधी डिसेंबर 2018 मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. पाट्यांवर, सरकारी तिकिटांवर नवी नावं दिसतात. रिक्षावाला, हॉटेलवाला आणि बाजारातला माणूस अजून जुनीच बोलतो. तिकीट काढताना स्वराज द्वीप आणि हॅवलॉक ही दोन वेगळी बेटं समजून दोन्हीकडे खोल्या घेणारे लोक मी पाहिले आहेत. या लेखात मी जुनी नावं वापरतोय, तोंडात तीच बसली आहेत म्हणून.

जाता जाता एक सांगतो. पोर्ट ब्लेअर ज्याच्या नावाने होतं तो आर्चिबाल्ड ब्लेअर हा 'बॉम्बे मरीन'चा, म्हणजे आपल्या मुंबईच्या आरमाराचा अधिकारी. 1788-89 च्या सुमारास त्याने या बेटांची पाहणी केली.

महिना कोणता

अंदमानात पाऊस दोन खेपांनी येतो. मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी, आणि तो जरा उसंत घेतो तोच ईशान्य मोसमी, जो नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत अधूनमधून येत राहतो. म्हणून "दिवाळीच्या सुट्टीत जाऊ" हा आपला आवडता बेत तिथे थोडा जुगार ठरतो. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत हवा छान, पण गर्दी आणि दर दोन्ही चढलेले. मला विचाराल तर फेब्रुवारी-मार्च. समुद्र शांत, पाणी नितळ, मुलांच्या परीक्षा असल्यामुळे गर्दीही कमी. शाळकरी मुलं असतील तर एप्रिलचा पहिला पंधरवडा धरा; ऊन भाजतं, पण पाण्याखालचं सगळ्यात स्पष्ट तेव्हाच दिसतं.

वारांचा हिशेब

कॅलेंडर समोर घ्या आणि दोन गोष्टी लिहून ठेवा. सेल्युलर जेल सोमवारी आणि राष्ट्रीय सुट्ट्यांना बंद असतं. रॉस बेट बुधवारी बंद असतं. एवढ्या दोन ओळींवरून निम्मी सहल आपोआप आखली जाते.

माझा आवडता आराखडा बुधवार ते सोमवार आहे. बुधवारी दुपारपर्यंत पोर्ट ब्लेअरला पोचायचं आणि त्याच दिवशी जेल बघायचं. गुरुवारी सकाळच्या बोटीने हॅवलॉक. गुरुवार, शुक्रवार, शनिवार या तीन रात्री तिथेच. रविवारी सकाळच्या बोटीने परत पोर्ट ब्लेअर, दुपारी रॉस बेट. सोमवारी विमान. चार रजा आणि एक शनिवार-रविवार, यात सगळं बसतं. रविवारची बोट रद्द झालीच तर सोमवारी सकाळची दुसरी शोधायला वाव राहतो. म्हणून सोमवारचं विमान अगदी सकाळचं न घेता जितकं उशिराचं मिळेल तितकं घ्या. परतीची शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच, हा नियम मी आता कुणासाठीही मोडत नाही.

नील कुठे गेलं, असं विचाराल. पाच रात्रींत हॅवलॉक आणि नील दोन्ही कोंबता येतात, टूरवाले कोंबतातच. पण मग रोज सकाळी बॅगा भरा, जेट्टीवर रांग लावा, बॅगा सोडा, हेच चालतं. बरोबर वयस्क आई-वडील असतील आणि त्यांना पाण्यात उतरायचं नसेल, तर हॅवलॉकच्या दोन रात्री आणि नीलची एक असं करा. नील लहान, सपाट आणि शांत आहे; भाजीचे मळे, केळी, आणि रामायणातली नावं घेतलेले किनारे: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर.

विमान

मुंबई-पुण्याहून जाताना बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता, बंगळूर किंवा हैदराबादला विमान बदलावं लागतं. चेन्नई किंवा कोलकात्याहून पुढे दोन-सव्वादोन तास. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी काढून हजारभर रुपये वाचतात खरे, पण पहिलं विमान रखडलं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणीच घेत नाही. चेन्नईहून बोटीने जाण्याची हौस अनेकांना असते. त्या प्रवासाला अडीच-तीन दिवस लागतात. निवृत्तीनंतर करा.

पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील यांसाठी भारतीयांना कुठलाही परवाना लागत नाही. फोटो असलेलं ओळखपत्र मात्र प्रत्येक जेट्टीवर दाखवावं लागतं, लहान मुलांचंही. आधारची छापील प्रत खिशात असू द्या. जेट्टीवरच्या गर्दीत मोबाईल उघडत बसलात की मागचे कुरकुरतात.

बोट: इथे वेळ द्या

बोटी दोन प्रकारच्या. खाजगी वेगवान बोटी दीड तासाच्या आसपास हॅवलॉकला पोचवतात. आतून विमानासारख्या, वातानुकूलित, खिडक्या बंद. सरकारी बोटीला दोन-अडीच तास लागतात, भाडं बरंच कमी आणि डेकवर वाऱ्याला उभं राहता येतं. सरकारी बोटीत स्थानिकांची ये-जा असते: कुणाकडे कोंबड्यांची टोपली, कुणाकडे पंखा, कुणी दवाखान्यातून परत निघालेला. मला ती बोट जास्त आवडते. पण तिची तिकिटं थोडेच दिवस आधी खुली होतात आणि लवकर संपतात, म्हणून पहिल्या खेपेला तिच्या भरवशावर राहू नका. जाताना-येताना खाजगी बोटीचं तिकीट आधी काढून ठेवा, आणि ते हातात येईल अशा बेताने विमानाची तारीख पक्की करा.

सकाळची फेरी घ्या. दुपारनंतर वारा वाढतो आणि बोट जास्त हलते. आमच्याकडे ज्यांना एसटीत घाट लागतो त्यांना बोट लागणारच, हे धरून चला. डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधी घ्या, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. न्याहारी हलकी, तेलकट नको. पोट ढवळायला लागलं तर मोबाईल खाली ठेवा आणि क्षितिजाकडे बघत बसा. मागच्या बाजूला मधल्या जागा मिळाल्या तर उत्तम, पुढच्या टोकाला सगळ्यात जास्त आपटतं.

तिकिटावर जेट्टीचं नाव वाचा. पोर्ट ब्लेअरमध्ये फिनिक्स बे आणि हॅडो अशा दोन जागा आहेत. सरकारी बोटी फिनिक्स बेहून सुटतात, मोठ्या खाजगी बोटी बहुतेक हॅडोहून. तासभर आधी पोचा, सामानाची तपासणी होते.

घड्याळ तेच, सूर्य वेगळा

घड्याळात आपलीच वेळ, पण पोर्ट ब्लेअर मुंबईच्या पूर्वेला सुमारे वीस रेखांश आहे. म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा जवळजवळ ऐंशी मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. उन्हाळ्यात पहाटे पाचला उजाडलेलं असतं आणि हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाच ही रात्रीची सुरुवात असते. पुणेरी पद्धतीने दहाला न्याहारी, एकला जेवण, चारला चहा घेऊन "आता समुद्रावर जाऊ" म्हणालात तर किनाऱ्यावर पोचेपर्यंत सूर्य टेकलेला असतो. पाचला उठा, साडेपाचला पाण्याजवळ असा. दुपारी झोपा. साडेतीनला पुन्हा बाहेर. पहिल्या दिवशी जड जातं, दुसऱ्या दिवसापासून अंगवळणी पडतं.

भरती-ओहोटीचंही असंच. हॅवलॉकच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर, जिथे बहुतेक हॉटेलं आहेत, ओहोटीला पाणी इतकं आत जातं की पोहायला नुसता चिखल आणि खडक उरतो. खोलीचं भाडं "समुद्रकाठी" म्हणून घेतलेलं असतं, त्यामुळे लोक चिडतात. कोकणातली माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात; ते गणित इथे जसंच्या तसं चालत नाही. हॉटेलात विचारा किंवा मोबाईलवर पोर्ट ब्लेअरचा भरतीचा तक्ता बघा आणि पाण्यात उतरायची वेळ त्यावरून ठरवा.

बुधवार: जेल

विमानतळ गावातच आहे. त्याला वीर सावरकरांचं नाव आहे आणि शिंपल्याच्या आकाराची नवी इमारत जुलै 2023 मध्ये सुरू झाली. हॉटेल शक्यतो अबर्डीन बाजाराच्या आसपास घ्या. जेल, रॉसची जेट्टी, खाणावळी सगळं जवळ पडतं.

सेल्युलर जेल 1896 ते 1906 या काळात बांधलं. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत होत्या, आज तीन उरल्या आहेत. सगळ्या कोठड्या एकेकट्या कैद्यासाठी, म्हणून नाव सेल्युलर. प्रत्येक इमारतीचं तोंड शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर दुसरा कैदी दिसूच नये. बहुतेक मंडळी तिसऱ्या मजल्यावरच्या सावरकरांच्या कोठडीत जातात, तसबिरीला हात जोडतात, फोटो काढतात आणि उतरतात. 1911 ते 1921 सावरकर अंदमानात होते आणि त्यांचे थोरले बंधू बाबारावही याच जेलमध्ये होते. मराठी माणसाचे पाय तिथे थबकणारच. पण माझं म्हणणं, खाली उतरायची घाई करू नका. त्याच मजल्यावरच्या एखाद्या रिकाम्या कोठडीपाशी जा आणि दाराची कडी बघा. कडी दारावर संपत नाही. लोखंडी दांडा भिंतीत बाजूला लांबवर खोदलेल्या खोबणीत जाऊन अडकतो. आत उभं राहून गजांतून हात बाहेर घाला आणि त्या खोबणीपर्यंत पोचायचा प्रयत्न करा. माझ्या आईने केला. खांद्यापर्यंत हात बाहेर, गाल गजांना टेकलेला, आणि बोटं वीतभर अलीकडेच. मग ती काही न बोलता बाहेरच्या पायरीवर बसली. खाली अंगणात कोलू आहे, बैलाच्या जागी माणसाला जुंपून तेल गाळायचा. तोही तिने पाहिला, पण घरी आल्यावर ती सांगते ती कडीची गोष्ट.

संध्याकाळी ध्वनी-प्रकाश कार्यक्रम असतो, हिंदीत आणि इंग्रजीत. हिंदी खेळाची तिकिटं लवकर संपतात, पोचल्याबरोबर चौकशी करा. डासांचं मलम लावून बसा.

हॅवलॉकचे तीन दिवस

जेट्टीवर उतरलात की रिक्षावाले घेरतील. हिंदी सगळीकडे चालते, तीच इथली समाईक भाषा. हॅवलॉकवर वस्ती मुख्यतः फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांची, म्हणून गावांची नावं गोविंदनगर, राधानगर, कृष्णनगर, श्यामनगर. खाण्यात माशाचं झोल-भात मिळतंच; शाकाहाऱ्यांचीही उपासमार होत नाही. सकाळी इडली-डोसा, पुरी-भाजी मिळते. दुकानांत मोबाईलने पैसे चालतात. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, तेव्हापासून इंटरनेट पुष्कळ सुधारलं, पण बोटीवर आणि आतल्या रस्त्यांवर ते जातं. म्हणून तिकिटं मोबाईलमध्ये उतरवून ठेवा आणि तीन दिवस पुरेल एवढी रोकड पोर्ट ब्लेअरहूनच घेऊन या. बेटावर एटीएम मोजकीच, आणि शनिवार-रविवारी त्यांतले पैसे संपतात.

गाडी चालवता येत असेल तर स्कूटर भाड्याने घ्या. रस्ता जवळजवळ एकच आहे, चुकायला जागा नाही. जेट्टीपासून राधानगर दहा-बारा किलोमीटर. शेवटचा टप्पा चढउताराचा, अंधारात परतताना जपून.

राधानगर किनाऱ्याला 2004 मध्ये 'टाइम' मासिकाने आशियातला सर्वोत्तम म्हटलं होतं. तेव्हापासून प्रत्येक पत्रकात ते छापतात. किनारा खरंच तसा आहे: मऊ पांढरी वाळू, पाठीशी उंच झाडांचं रान. लोक सूर्यास्ताला येतात आणि खांद्याला खांदा लावून उभे राहतात. तुम्ही एकदा सकाळी सहाला जा.

पोहताना एक लक्षात ठेवा. या बेटांच्या खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. 2010 मध्ये राधानगरजवळच एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. घाबरून पाण्यातच उतरू नये असं काही नाही. जिथे जाळी किंवा झेंडे लावलेत तिथेच पोहा, जीवरक्षक शिट्टी मारेल तेव्हा बाहेर या, आणि खाडीच्या तोंडाशी, कांदळवनाजवळ, अंधार पडल्यावर पाण्यात जाऊ नका. "आम्ही कोकणातले, आम्हाला काय शिकवता" म्हणणारे काकाच जास्त शिट्ट्या खातात.

प्रवाळ बघायला एलिफंट बीच. जेट्टीवरून छोट्या बोटीने अर्ध्या तासात पोचता. तोंडाला नळी आणि डोळ्यांना चष्मा लावून पालथं तरंगायचं, पोहता न येणारेही रबरी टायरला धरून करतात. सकाळी लवकरची बोट धरा. पायात रबरी सोलची चप्पल हवी, पण प्रवाळावर पाय ठेवायचा नाही. ते दगड नाहीत, जिवंत आहेत, आणि कापतातही.

स्कूबा करायचं तर त्यालाही पोहणं यावं लागत नाही. प्रशिक्षक तुम्हाला धरूनच असतो आणि नवख्याला बारा मीटरच्या खाली नेत नाहीत. दमा, रक्तदाब, कानाचं दुखणं असेल तर फॉर्मवर खरं लिहा. त्या फॉर्मवर घाईने सगळीकडे 'नाही' लिहून टाकणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे. सर्दी असेल तर सरळ रद्द करा, कान फुटेल. आणि पाण्याखाली गेल्यावर निदान अठरा तास विमानात बसू नये. वरच्या आराखड्यात शुक्रवारी स्कूबा ठेवलंत तर त्याची चिंताच उरत नाही.

बारातांगचं काय

हॉटेलात, रिक्षात, सगळीकडे तुम्हाला बारातांगच्या चुनखडीच्या गुहा विकल्या जातील. पहाटे तीनला उठून जायचं, रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून. गाड्या पोलिसांच्या पहाऱ्यात ताफ्याने सोडतात. थांबायला, फोटो काढायला, खायला द्यायला बंदी, आणि आदिवासींच्या संरक्षणासाठीच्या 1956 च्या नियमावलीखाली शिक्षा होते. तरी अर्धी गाडी काचेला नाक लावून बसते ती गुहांसाठी नव्हे. मी एकदा त्या गाडीत होतो. मागच्या सीटवरून "दिसला, दिसला!" अशी ओरड झाली, जंगलाच्या कडेला उभ्या एका पोराकडे बोट दाखवून. पाच रात्रींच्या सहलीत बारा तास त्यासाठी घालवू नका.

रविवार दुपार: रॉस

अबर्डीन जेट्टीवरून दहा-पंधरा मिनिटांत रॉस बेट येतं. इंग्रजांची राजधानी इथे होती: चर्च, बेकरी, नाचाचा दिवाणखाना. 1941 चा भूकंप आणि पाठोपाठ जपानी आल्यावर सगळं ओस पडलं. आता पिंपळ-वडाच्या मुळांनी भिंती अशा कवळल्या आहेत की मूळ काढलं तर भिंत पडेल आणि भिंत काढली तर झाड. हरणं आणि मोर मोकळे फिरतात. हातातली पिशवी सांभाळा, हरणं कागदासकट खातात. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ उतरतानाच विचारून घ्या.

बॅग भरताना

सुती सैल कपडे, टोपी, उन्हाचं मलम, पाणी भरायची बाटली, ओले कपडे ठेवायला पिशवी. छत्री कोणत्याही महिन्यात. जीन्स घरी ठेवा, दमट हवेत वाळत नाही.

आणि परतताना वाळूतले शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नका. प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, मेलेला तुकडासुद्धा. विमानतळावरच्या यंत्रात तो स्पष्ट दिसतो आणि बॅग सगळ्यांसमोर उघडावी लागते. बाजारातल्या परवाना असलेल्या दुकानातून शंखाच्या वस्तू घेतल्या असतील तर पावती हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनला दिलेल्या सामानात नव्हे. आमच्या पुढे रांगेत एक आजोबा होते, त्यांच्या नातवाच्या खिशातून सात शिंपले निघाले. जवानाने ते एकेक करून ट्रेमध्ये मांडले, मोजले, आणि पोराला विचारलं, "और?" पोराने दुसरा खिसा उलटा केला.